खेळ बंद केला की बेटावरची माणसं का मरतात?

प्रश्न असा: ‘व्हर्च्युअल व्हिलेजर्स’चा पहिला भाग सुरू केलाय. याआधी ‘सिम्स २: कास्टअवे’ भरपूर खेळलो, तिथे कधी अडचण आली नाही. इथे मात्र दोन वस्त्या अख्ख्या मेल्या. दोन्ही वेळा रात्री खेळ बंद करताना सगळे ठणठणीत होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडलं तर बेटावर चिटपाखरू नाही. माझं कुठे चुकतंय? सुरुवातीला नेमकं काय आधी करायचं? आणि दुसरा भाग सोपा असेल तर थेट तोच घ्यावा का?

‘रात्री ठणठणीत होते’ हे तुम्ही स्वतःच लिहिलंय, आणि घोडं तिथेच पेंड खातंय. समोर बसून खेळताना तुमचं फारसं काही चुकत नसणार. चूक होते ती खेळ बंद करण्याच्या त्या अर्ध्या मिनिटात.

हा खेळ बंद केल्यावर थांबत नाही. तुम्ही खिडकी मिटली, कॉम्प्युटर बंद केला, झोपलात, तरी पुढच्या वेळी उघडताना तो कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे बघतो, मधे किती तास गेले ते मोजतो आणि तेवढ्या तासांचा हिशोब एकदम चुकता करतो. लोकांनी तितकं खाल्लं, तितकं काम केलं, तितके म्हातारे झाले. अन्न अर्ध्या वाटेत संपलं असेल तर उरलेले तास ते उपाशी होते. उपाशी माणसाची तब्येत ढासळत जाते आणि मग तो जातो. म्हणजे तुमची वस्ती सकाळी केव्हातरी मेली, संध्याकाळी तुम्हाला फक्त कळलं.

‘सिम्स’मधून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची इथे हीच गत होते, माझीही झाली होती. २००० साली आलेल्या मूळ ‘सिम्स’पासून त्या घराण्याचा नियम एकच: तुम्ही उठलात की त्यांचं जग गोठतं. २००७ च्या ‘कास्टअवे’त बेट आलं, जहाज फुटलं, पण हा नियम तोच राहिला. त्यामुळे अंगाला सवय लागते की सेव्ह केलं म्हणजे सुटलो. ‘व्हर्च्युअल व्हिलेजर्स’ वेगळ्या घरचं. ‘लास्ट डे ऑफ वर्क’ नावाच्या छोट्या स्टुडिओनं ते २००६ मध्ये काढलं. त्याआधी त्यांचाच ‘फिश टायकून’ होता, त्यातले मासेही मालक नसताना वाढायचे आणि मरायचे. हे सगळं जास्त जवळचं आहे ते १९९६ च्या तामागोचीला. खिशातलं ते अंड्याएवढं यंत्र विसरलं की आतला प्राणी मरायचा, आठवत असेल. फरक एवढाच की इथे एक प्राणी नाही, अख्खा गाव आहे.

आणखी एक फरक डोक्यात बसवून घ्या. ‘सिम्स’मध्ये प्रत्येकाची भूक वेगळी, पट्टी वेगळी. एकाला जेवू घाला, दुसरा उपाशी असू शकतो. इथे कणगी एकच. पडद्यावर अन्नाचा एक आकडा असतो, त्यातून सगळे खातात. तो आकडा शून्य झाला की सगळेच एकदम उपाशी. त्यामुळे वस्ती मरते ती एकेक करत नाही, तुम्ही बघितलंत तशी सगळी मिळून.

माझी पहिली वस्ती मी तीन दिवसांच्या प्रवासाला जाताना घालवली. निघायच्या घाईत सगळ्यांना बेरीच्या झुडपापाशी नेऊन सोडलं आणि मनात म्हटलं, आता काय, सगळेच शेतकरी झाले. परत आलो तर झुडूप रिकामं आणि माणसं नाहीत. बेरीचं झुडूप कधीतरी संपतं हे मला माहीतच नव्हतं.

तर आता बंद करायच्या वेळेचं गणित. वीस मिनिटं कशालाही हात लावू नका. माणसं उचलू नका, हलवू नका, फक्त अन्नाचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी कागदावर लिहा. समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडे घेतो. समजा नऊ वाजता ९०० होते आणि नऊ वीसला ८७०. वीस मिनिटांत ३० गेले, म्हणजे तासाला ९०. म्हणजे ९०० अन्न पुरणार दहा तास. तुम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला उघडणार, म्हणजे जवळपास एकवीस तासांनी. अकरा तास वस्ती उपाशी. सगळे ठणठणीत असतानाच ती मेलेली होती म्हणा ना.

या आकड्यात लोक गोळा करून आणतायत तेही आलं, कारण आपण नुसतं खाणं मोजत नाही, येणं वजा जाणं मोजतो. आकडा वाढत असेल तर फारच छान, पण हुरळून जाऊ नका. बेरी संपायला आल्या असतील तर तो आकडा रात्रीतून उलटा फिरेल. झुडपाकडे नजर टाकून मगच झोपायला जा.

गणित जुळत नसेल तर तीन वाटा आहेत. पहिली, पॉझ करून मग बंद करणं. स्पेस बार दाबा, खेळ थांबला की बाहेर पडा, उघडाल तेव्हा सगळे होते तिथेच असतील. कुठे बाहेर जायचं असेल, परीक्षा असेल, तर बिनदिक्कत हेच करा. काही जुने खेळाडू याला पळवाट म्हणतात. मी म्हणत नाही, खेळातच दिलेली सोय आहे. दुसरी वाट, गती मंद करून जाणं. मंद, साधी आणि जलद अशा तीन गती आहेत आणि तुम्ही ज्या गतीवर सोडाल त्याच गतीनं मागे सगळं चालू राहतं. नवे लोक इथे हमखास फसतात. झोपडी लवकर बांधून व्हावी म्हणून संध्याकाळी जलद गती लावायची आणि ती तशीच ठेवून झोपायचं, म्हणजे एका रात्रीत दोन रात्रींचा घास जातो. तुमच्या दोनपैकी एक वस्ती तरी अशी गेली असावी असा माझा संशय आहे. तिसरी वाट म्हणजे माणसं योग्य कामाला लावून जाणं, आणि त्यासाठी तोंडं आणि हात यांचा हिशोब कळायला हवा.

गावात पाच कौशल्यं आहेत: शेती, बांधकाम, संशोधन, उपचार आणि अपत्यजन्म. माणसाला उचलायचं आणि कामाच्या जागी सोडायचं, एवढंच तुमच्या हातात. हे करताना घाई करू नका. नवख्या माणसाला झुडपावर सोडलंत की खाली पट्टीवर तो काय करतोय ते लिहून येतं, ती ओळ वाचा. बहुतेक वेळा तो तिथे काहीतरी करून बघतो, मग उठून समुद्राकडे फिरायला जातो. पुन्हा उचला, पुन्हा सोडा. चारपाच खेपांनंतर शेतीची पट्टी थोडी सरकते आणि मग तो आपणहून तिकडे जायला लागतो. चवथ्यांदा त्याला परत आणताना मला अजूनही शाळेतून पळून आलेल्या पोराला कान धरून नेल्यासारखं वाटतं.

प्रत्येकाच्या माहितीच्या पानावर कौशल्यांच्या शेजारी खूण करायची चौकट असते. ती सजावट नाही. तिथे खूण केली की तुम्ही नसताना तो माणूस त्या कामाला आधी हात घालतो. मी बंद करण्याआधी एक फेरी मारतो आणि ज्याच्या नावावर बांधकाम आहे पण बांधायला काही उरलेलं नाही, त्याची खूण शेतीवर नेतो. काम नसलेला गवंडी दिवसभर भटकतो आणि वेळेवर जेवतो. त्याच पानावर प्रत्येकाच्या आवडीनिवडीही असतात. त्या वाचायला मजा येते, पण पहिल्या आठवड्यात त्यावर डोकं शिणवू नका.

आता मुलं. वस्ती घालवण्याचा हा सगळ्यांत लोभस मार्ग. लोकसंख्या वाढली की प्रगती झाल्यासारखी वाटते, शिवाय बाळ झालं की आनंद होतोच. एका बाईला एका पुरुषावर सोडायचं, दोघांचं जमलं तर ती झोपडीकडे जातात आणि थोड्या वेळानं बाळ कडेवर. नाही जमलं तर लाजून बाजूला होतात, मग पुन्हा प्रयत्न. हे इतकं सोपं आहे की पहिल्या संध्याकाळी तुम्ही चार बाळं जन्माला घालून बसता.

पण बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत आई त्याला कडेवर घेऊन फिरते आणि तेवढा काळ दुसरं कुठलंच काम करत नाही. तिला संशोधनाच्या टेबलावर सोडून बघा, ती तशीच निघून जाईल. म्हणजे एका बाळामुळे एक तोंड वाढलं आणि दोन हात कमी झाले. दोन वर्षांनी आई परत कामाला येते, पण मूल चौदा वर्षांचं होईपर्यंत कामाचं नाही. तोवर ते खातं आणि खेळतं. एकच उपयोग असतो, बेटावर उगवलेले मशरूम फक्त मुलंच उचलू शकतात आणि त्यातून थोडं अन्न मिळतं. मशरूम दिसला की जवळचं पोर उचलून त्यावर सोडा. तुम्ही समोर असलात तरच हे जमतं, त्यामुळे रात्रीच्या गणितात ते धरू नका.

माझा अंगठ्याचा नियम: तीन कामाची माणसं असतील तर एकापेक्षा जास्त तान्हं मूल नको. कुणी म्हणेल फार कंजुषी आहे. असेल, पण माझी वस्ती जगते.

याच्या उलट बाजूची भीतीही खरी आहे, आणि भुकेतून वाचलेले लोक तिथे मरतात. घाबरून मुलंच होऊ दिली नाहीत तर गाव म्हातारा होतो. पन्नाशीनंतर बायकांना मूल होत नाही. एक दिवस बघता तर दहा माणसं आहेत, कणगी भरलेली आहे, सगळे आपापल्या कामात पारंगत आहेत आणि एकही बाई पन्नाशीच्या आतली नाही. तो डाव संपला, फक्त संपायला अजून काही दिवस लागतील. मी अशी एक वस्ती शेवटपर्यंत चालवली होती. इतका शांत डाव मी दुसरा खेळलो नाही आणि पुन्हा खेळायचाही नाही. म्हणून सगळ्या बायकांची वयं अधूनमधून बघत चला आणि तिशीच्या आसपासच्या निदान दोघी कायम असू द्या.

आधी काय करायचं, तर माझ्या मते सुरुवातीला एकच लक्ष्य ठेवा: बेरी संपायच्या आत शेतीचं तंत्र दुसऱ्या पातळीवर नेणं. कारण ती पातळी आली की शेतात पीक घेता येतं, तोवर तुमचं पोट त्या एका झुडपावर आहे. तंत्र विकत घ्यायला टेक पॉइंट लागतात आणि ते संशोधन करणाऱ्यांकडून येतात. म्हणून पहिल्या दिवशी निदान एक धड माणूस, जमलं तर दोन, टेबलावर बसवा आणि तिथून हलवू नका. बाकीचे बेरीवर. बांधकामाला एखादाच. झोपड्या लागतात, कारण त्या किती आहेत यावर गावात किती माणसं मावतील ते ठरतं, पण उपाशी गावाला मोठं घर काय करायचंय?

पॉइंट जमले की हात शिवशिवतात. बांधकाम, औषध, प्रजनन, विज्ञान, सगळ्यांचे दर समोर असतात आणि एखादं स्वस्त दिसतं. घेऊ नका. शेती होईपर्यंत पाकीट बंद. त्यानंतर मी औषधाकडे जातो, कारण त्यानं माणसं जास्त जगतात, आणि जास्त जगणारा कसबी शेतकरी म्हणजे फुकट मिळालेला दुसरा शेतकरी. प्रजननाचं तंत्र वाढवलं की जुळी-तिळी होण्याची शक्यता वाढते. वर लिहिलेलं गणित ज्याला कळलं त्याला हे बक्षीस नाही, संकट वाटेल. ते सगळ्यात शेवटी.

उपचारांबद्दल एक गंमत सांगतो. सुरुवातीला वैद्य घडवायचा तर आजारी माणूस लागतो, कारण आजाऱ्यावर दुसऱ्याला सोडलं की तो उपचार करत करत शिकतो. त्यामुळे पहिला माणूस आजारी पडला की वैतागू नका. लगेच एक तरुण माणूस निवडा आणि पुढे प्रत्येक आजाऱ्यावर त्यालाच सोडा. दर वेळी हाताला लागेल त्याला पाठवलंत तर पाच अर्धवट वैद्य होतील आणि एकालाही धड येणार नाही.

मधेच एखादा प्रसंग खिडकीत उघडतो, काहीतरी सापडलंय, काय करायचं असं विचारतो आणि दोन पर्याय देतो. कधी घबाड मिळतं, कधी कुणी आजारी पडतं, कधी माणूस जातो. अन्न पुरेसं असेल तेव्हा धाडस करा, कमी असेल तेव्हा गुमान सुरक्षित पर्याय घ्या. याहून जास्त शास्त्र त्यात नाही.

कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे करून टेक पॉइंट झटपट मिळवायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. चालते ती, कारण खेळ घड्याळावरच विश्वास ठेवतो. पण घड्याळ पुढे ढकललं की संशोधन जसं पुढे जातं तशी भूकही जाते, वयही जातं. दहा तास पुढे नेलेत म्हणजे दहा तासांचं अन्न गेलं. वरचं गणित न करता ही युक्ती वापरणं म्हणजे आपल्याच हातानं ती अकरा तासांची उपासमार घडवणं. शिवाय नंतर घड्याळ मागे आणलं की हिशोबाचा गोंधळ होतो. मी एकदा केलं, पुन्हा नाही.

घड्याळावर चालणारे खेळ म्हणजे असेच निर्दयी, असं मात्र समजू नका. मार्च २०२० मध्ये आलेला ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ही निर्जन बेटावरच घडतो आणि खऱ्या घड्याळावर चालतो. तिथे महिनाभर गेला नाहीत तर तण माजतं, घरात झुरळं होतात आणि शेजारी कुरकुरतात. मरत कुणी नाही. ज्यांना बेट हवंय पण जबाबदारी नको त्यांना मी तोच सुचवतो. तुम्ही दोन वस्त्या मेल्यावर तिसरीसाठी विचारताय, म्हणजे तुमचा पिंड तो दिसत नाही.

कोड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत ते बरं केलंत. पहिल्या भागात एकूण सोळा आहेत आणि मी त्यांची उत्तरं कुणाला सांगत नाही. बेटावर जे जे वेगळं दिसतं त्यावर एकेका माणसाला सोडून बघायचं, आणि काही झालं नाही तर दुसऱ्या कसबाच्या माणसाला. काही कोडी विशिष्ट तंत्र आल्याशिवाय हलत नाहीत, तेव्हा आज काहीच झालं नाही म्हणून त्या जागेवर फुली मारू नका.

दुसरा भाग, ‘द लॉस्ट चिल्ड्रन’, २००७ चा. सोपा नाही. नावातच आहे तसं, तिथे अनाथ मुलं पदरात पडतात. खाणारी तोंडं पहिल्या दिवसापासून समोर उभी आणि राबणारे हात कमी. बंद केल्यावर चालू राहणारं घड्याळ तिथेही आहेच. पहिल्या भागात एक वस्ती सलग आठ दिवस, रोज रात्री पॉझ न करता, जिवंत ठेवून दाखवा आणि मग तो उघडा.